पहिल्या नंबरचा केसपेपर

१

दुपारी एकला ओपीडीतली शेवटची बाई औषधाची बाटली सांभाळत जिना उतरली, की शौनकचा खरा दिवस सुरू व्हायचा. सांगलीतल्या त्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि एकच एक टेलिफोन होता. खिडकी उघडली की हळदीच्या बाजाराचा वास आत यायचा आणि की-बोर्डावरसुद्धा पिवळसर धूळ बसायची. शौनक रोज फुंकर मारून ती उडवायचा, आणि ती रोज परत यायची.

दवाखाना चालवणाऱ्या मंडळाची दोन छोटी केंद्रं होती, एक पाटणला आणि एक औंधला. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचा रक्तगट काय, कुणाला पूर्वी झटका येऊन गेलाय, ही सगळी पेशंटांची यादी सांगलीच्या मशीनमध्ये होती, आणि तिची एकेक नक्कल त्या दोन केंद्रांवर. दिवसभरात जे काही बदलेल ते दुपारी एकला फोनच्या तारेवरून जायचं-यायचं. मोडेम आधी शिट्ट्या मारायचा, मग घसा खरवडल्यासारखा खरखरायचा, आणि तिकडच्या मोडेमशी ओळख पटली की गप्प व्हायचा. मग पाच-सात मिनिटांत काम फत्ते. साल अठ्ठ्याण्णव. एवढंसुद्धा लोकांना जादूच वाटे, आणि शौनकलाही ती तशी वाटलेली आवडे.

तार एकच असल्यामुळे एक अडचण मात्र होती. मशीन बोलत असताना माणसांना बोलता यायचं नाही. औंधला काय चाललंय ते विचारायला मशीनचं बोलणं तोडूनच फोन लावावा लागे.

शौनकची बायको ऋचा सातवा सरल्यावर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, साताऱ्याला गेली होती. तिचे वडील, म्हणजे अण्णा, काही असलं की याच फोनवर कळवणार होते. शौनकच्या भाड्याच्या खोलीत फोन नव्हता.

२

चूक म्हणाल तर अगदी एवढीशी होती. जुन्या वह्यांवरून यादी मशीनमध्ये चढवली तेव्हा औंधच्या वहीतला पहिला नंबर एका विचित्र पेशंटाच्या नावावर आला होता. नाव यमाई, पत्ता औंधचा डोंगर, वय रिकामं, बाकी सगळंच रिकामं. शौनकनं त्या दिवशी औंधला फोन लावून दादासोंची चांगलीच थट्टा केली. दादासो तिथले कारकून, तीस वर्षं वह्या लिहून बोटं वाकडी झालेले. देवीला कुठलं औषध सुरू आहे, असं शौनकनं विचारलं. दादासो हसले नाहीत. नवी वही उघडली की पहिला नंबर देवीच्या नावानं टाकायचा, ही तिथली जुनी रीत आहे, एवढंच ते म्हणाले.

"पैल्या नंबरावर माणूस बसवायचा न्हाई, साहेब. आन् मोकळा बी सोडायचा न्हाई."

का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या आधीच्या कारकुनानं त्यांना तसं सांगितलं होतं, बस.

शौनक वाईचा. पूजाअर्चेच्या घरात वाढलेला, पण कॉम्प्युटर शिकल्यापासून असल्या गोष्टींकडे तो जरा वरून बघायला लागला होता. रिकाम्या वयाची नोंद त्याला डोळ्यात कुसळासारखी सलायची. गेल्या महिन्यात त्यानं नियमच घातला, की वय भरल्याशिवाय नोंद होणार नाही. आणि त्या नियमात न बसणारी एकुलती एक नोंद, नंबर एक, खोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला सांगलीहून दोन्हीकडे निरोप गेला, नंबर एक खोडा. पाटणच्या मशीननं मुकाट्यानं खोडला. औंधच्या मशीननं खोडला नाही. आणि तो एक निरोप अडकला म्हणून त्याच्यामागचे सगळे निरोप अडकले. आठवडाभर औंधची यादी जागच्या जागी थिजून राहिली. दादासो नवे केसपेपर पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देऊ लागले.

त्या आठवड्यात औंधला एका बाईला न चालणारं इंजेक्शन देता देता राहिलं. तिची नोंद सांगलीत होती, औंधपर्यंत पोचली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी शौनकला बोलावून, आवाज न चढवता, हे लवकर दुरुस्त व्हायला हवं असं सांगितलं. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

३

असं झालं की उपाय एकच. तिकडची नक्कल पुरती पुसायची आणि मूळ यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा पाठवायची. अठरा हजारांवर नोंदी, आणि तार अशी की थेंब थेंब पाणी यावं. साडेचार तास लागणार होते. म्हणून रविवार धरला. ओपीडी बंद, फोन मोकळा.

शनिवारी फोनवर शौनकनं दादासोंना सगळं समजावलं. दादासोंची शंका साधी होती. दोन्हीकडे वेगळं काही असलं तर खरं कुठलं, हे मशीनला कसं कळणार?

"मशीन विचारत नाही, दादासो," शौनक म्हणाला. "आपण ज्याला मूळ म्हणू ते मूळ. दुसरीकडे जे असेल ते आधी पुसलं जातं. खरं होतं का खोटं, कोणी बघत नाही."

 दादासो म्हणाले, "लय कडक काम हाय की."

रविवारी दहाला त्यानं मोडेम लावला. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. खालच्या नळाचं टपटपणं वरपर्यंत ऐकू येत होतं. पडद्यावर आकडा सरकत राहिला, आणि अडीचच्या सुमाराला सगळं पोचल्याची खूण आली. तार तोडून त्यानं फोन लावला आणि दादासोंना तिकडच्या नोंदी मोजायला लावल्या. सांगलीत अठरा हजार चारशे अकरा होत्या. औंधला अठरा हजार चारशे बारा.

जास्तीची नोंद पहिल्या नंबरावर होती. यमाईचं नाव त्यावर नव्हतं. काहीच नव्हतं. नुसता नंबर, आणि पुढे मोकळी ओळ.

जुनं काहीतरी पुसायचं राहिलं असणार, असं शौनकनं स्वतःला सांगितलं. जे मूळ यादीतच नाही ते नकलेत येईल कुठून? हा प्रश्न त्यानं बसमध्ये, खानावळीत, अंथरुणावर, सगळीकडे स्वतःला विचारला, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं, की येणार नाही.

४

आठवड्यात त्यानं औंधचं मशीन मुळापासून धुऊन काढलं. फ्लॉपी एसटीनं पाठवली आणि फोनवरून एकेक बटण सांगत दादासोंकडून डिस्क कोरी करून घेतली. आणि लाज गिळून आणखी एक गोष्ट केली. सांगलीच्या मूळ यादीत पहिल्या नंबरावर यमाईचं नाव परत घातलं. वयाशिवाय मशीन पुढे जाईना, म्हणून शंभर लिहिलं. दादासोंचं समाधान होईल तेवढंच, असं तो स्वतःशी म्हणाला, पण बटण दाबताना त्यालाही बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेचार तास. या वेळी दोन्हीकडचे आकडे सारखे आले. शौनकनं खुर्चीत मागे रेलून हात ताणले. आता फक्त पहिली ओळ वाचून दाखवा, असं त्यानं गमतीनंच सांगितलं.

"नाव मोकळं हाय," दादासो सावकाश वाचू लागले. "वय शून्य. गाव... गाव सातारा."

शौनकनं आपल्या पडद्याकडे पाहिलं. यमाई, शंभर, औंध, असं त्यानं फोनवर मोठ्यानं वाचलं. त्यानं परत वाचायला लावलं. दादासोंनी परत तेच वाचलं.

"तुमी वय खोटं घातलं, साहेब. ती खोट्यावर बसायची न्हाई. जागा मोकळीच ऱ्हायली."

शौनक या वेळी हसला नाही. शून्य वयाचं, बिनानावाचं, साताऱ्याचं कोण असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ऋचाचे दिवस भरत आले होते. त्यानं तिथूनच अण्णांना फोन लावला आणि कसंबसं हवापाण्याचं बोलून ती कशी आहे ते विचारलं. ती बरी होती. आंबट दह्यासाठी आईशी भांडत होती. त्यानं फोन ठेवला.

५

नंतरच्या शनिवारी दादासोंचा फोन आला. त्यांनी नमस्कारसुद्धा घातला नाही. ओळीत आणखी एक खण भरला होता. कोणी भरला ते ठाऊक नव्हतं. मशीनला तर त्यांनी हातही लावला नव्हता, नवे केसपेपर कागदावरच लिहीत होते.

"पालकाच्या खणात नाव आलंय. तुमचं हाय, साहेब. आडनावासकट."

आता फक्त बाळाच्या नावाचा खण रिकामा होता.

शौनकनं फोन ठेवला. त्याला भीती वाटत होती, आणि आपल्याला भीती वाटते याचा रागही येत होता. तो हिशेबी डोक्याचा माणूस. त्यानं हिशेबानंच विचार केला. जागा मोकळी राहिली म्हणून आपल्या बाळाची नोंद तिथे बसायला निघालीय. खोटी नोंद टिकत नाही. मग तिथे खरी नोंद हवी. खरं नाव, खरं वय, खरं गाव, एकही खण चुकायला नको. आणि अशी, अगदी खात्रीनं खरी, पुसली गेली तरी दुसऱ्या कुणाचं वाकडं होणार नाही, अशी एकच नोंद त्याला तोंडपाठ होती.

दादासोंना त्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माणूस बसवू नगा, साहेब. तुमच्या पाया पडतो."

"माझं बाळ बसवू का मग?" शौनकनं विचारलं. आणि त्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी दहाला त्यानं मूळ यादीतली यमाईची ओळ काढली आणि पहिल्या नंबरावर स्वतःचं नाव घातलं. वय अठ्ठावीस. गाव वाई, मुक्काम सांगली. रक्तगट, लहानपणी झालेली कावीळ, डाव्या गुडघ्यावरची खूण, सगळं. मग मोडेम लावला.

त्या दिवशी मोडेम गप्प झाला नाही. ओळख पटल्यावर त्याचा आवाज आपोआप बंद व्हायचा, पण खरखर चालूच राहिली. शौनकनं बटणं दाबून पाहिली, उपयोग झाला नाही. साडेचार तास ती खोली त्या खरखरीनं भरून राहिली. मधूनच ती थांबायची, ओळीवर बोट ठेवून वाचणारं माणूस अडखळून थांबतं तशी, आणि पुन्हा सुरू व्हायची. एकदा तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठ मशीनकडे केल्यावर त्याला वाटलं, आपल्याविषयी कुणीतरी कुणालातरी फार बारकाईनं सांगतंय. तो लगेच वळून परत खुर्चीवर बसला.

अडीचला खूण आली. खरखर तुटली. त्यानं रिसीव्हर उचलून औंध लावलं.

"जुळलं," दादासो म्हणाले. "पैल्या नंबरावर तुमीच हाय. समदं बराबर हाय."

रिसीव्हर ठेवतो न ठेवतो तोच फोन वाजला. अण्णा होते. सकाळी अकरापासून फोन लावत होते, सारखा एंगेज. ऋचाला पोवई नाक्याजवळच्या दवाखान्यात नेलं होतं. एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

शौनक तिथेच, टेबलावर डोकं ठेवून, रडला. मग आनंद आवरेना म्हणून त्यानं पहिली बातमी दादासोंनाच दिली. मुलगी झाली, दोघी छान आहेत. दादासोंनी देवीचं नाव घेतलं आणि फोन ठेवला.

६

सातच्या आत तो साताऱ्यात होता. मुलगी लाल, चिमुकली आणि भयंकर रागीट होती. ऋचा दमलेली होती, पण डोळे हसत होते. एवढे तास कुणाशी बोलत होतास, असं तिनं विचारलं. मशीनशी, तो म्हणाला. वॉर्डातल्या मावशी, साळूबाई, यांना त्यानं पेढ्यांचा अख्खा पुडा दिला आणि त्यांनी बाळाची दृष्ट काढून दिली. तो दृष्टीबिष्टीला मानत नसे, पण त्या दिवशी निमूटपणे हात जोडून उभा राहिला.

सोमवारचा सगळा दिवस त्यानं खाटेशेजारच्या स्टुलावर काढला. मुलीची मूठ उघडून बघावी, ती मिटली की परत उघडावी. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात एकही आकडा नव्हता. साडेचारला ऋचा म्हणाली, जरा पाय मोकळे करून ये आणि येताना मोसंबी आण. तो खाली उतरला. मोसंबी घेतली, आणि समोर एसटीडीचं बूथ दिसलं म्हणून, सवयीनं, औंध लावलं. नवी नक्कल नीट चाललीय ना, एवढंच विचारायचं होतं.

"पोचलात व्हय साताऱ्याला?" दादासोंच्या आवाजात कौतुक होतं. "दुपारी लय घाईत गेलात. चा ठेवला हुता, तो बी घेतला न्हाई."

शौनकला काही कळेना. आपण काल सांगलीहून सरळ इकडे आलो, औंधला आलोच नाही, असं त्यानं सांगितलं.

 मग दादासो हळूहळू सांगू लागले. ओपीडी संपल्यावर कोणीतरी बाकावर येऊन बसलं होतं, खिडकीकडे तोंड करून. नंबर विचारला तर एक म्हणालं. नाव सांगितलं ते शौनकचं. दादासोंनी त्याला कधी समोर पाहिलेलं नव्हतं, फोनवरच ओळख. पण आवाज हुबेहूब त्याचाच होता. केसपेपर मागितला, तो त्यांनी छापून दिला.

"आवाज तुमचाच, साहेब. फकस्त... फोनवर मागनं खरखर येती न्हवं, तशी येत हुती. मला वाटलं, सर्दी झाली असंल."

"तोंड पाहिलंत?"

"न्हाई. कागद घेताना हात तेवढा दिसला. समदी बोटं सारख्याच लांबीची."

 अजून काही विचारलं का त्यानं, असं शौनकनं विचारलं. दादासोंचा आवाज आता रडवेला झाला होता.

"बायको कुठल्या दवाखान्यात हाय, ते इचारलं. मला नवल वाटलं. म्हणलं, बापालाच कसं ठावं न्हाई? तुमी काल नुसतंच सांगितलं हुतं, दवाखाना सांगितला न्हवता. मग मीच सांगलीला फोन लावून इचारलं, तुमच्या रजेच्या चिठ्ठीत दवाखान्याचं नाव हुतं, ते सांगितलं. दीडच्या साताऱ्याच्या गाडीत मीच बशिवलं, साहेब."

दीडची गाडी. रहिमतपूरवरून. म्हणजे ती केव्हाच येऊन गेली होती.

७

मोसंब्यांची पिशवी बूथमध्येच राहिली. रस्ता त्यानं कसा ओलांडला ते त्याला आठवत नाही. जिना चढताना वरून मुलीचं रडणं ऐकू आलं. ती रडतेय, म्हणजे ती आहे. त्यानं दोन-दोन पायऱ्या घेतल्या.

वॉर्डच्या दारात साळूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांनी हात आडवा केला.

"कोण पायजे?"

काल याच बाईनं त्याच्या हातचा पेढा खाल्ला होता. त्याला वाटलं, संध्याकाळच्या उजेडात नीट दिसलं नसेल. त्यानं ऋचाचं नाव सांगितलं, बाळाचा बाप आहे म्हणून सांगितलं. साळूबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती.

"बाळाचं वडील आत हायती," त्या म्हणाल्या. "मघाशीच आलं. कागद हाय त्यांच्याकडं, नाव-गाव समदं लिवलेला. म्या बगितला."

मुलीचं रडणं थांबलं. हिरवा पडदा अर्धवट सरकलेला होता. खाटेशेजारच्या त्याच्या स्टुलावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, मुलीला मांडीवर घेऊन. अंगात त्याच्यासारखाच चौकड्याचा शर्ट होता. शौनकला त्याचा हात दिसला. त्या हातानं मुलीची मूठ हळूच उघडली, ती मिटली, आणि त्यानं ती परत उघडली. ऋचा उशीला टेकून त्या चेहऱ्याकडे बघत होती आणि हसत होती. इतकी मोकळी ती कालपासून एकदाही हसली नव्हती.

"ऋचा," त्यानं हाक मारली.

तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. एखाद्या दुसऱ्या पेशंटकडे आलेल्या माणसाकडे बघावं तसं, अदबीनं, क्षणभर. मग तिनं पडदा ओढून घेतला. आतून एक पुरुषाचा आवाज, त्याचाच आवाज, तिला काहीतरी म्हणाला, आणि त्याच्या मागे बारीक खरखर चालू होती.

शौनकनं खिसे चाचपले. पाकीट होतं. त्यातल्या कार्डावर फोटोच्या जागी कोरा चौकोन होता, आणि नावाच्या ओळीवर नुसती रेघ. डाव्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला. पँटीखाली खूण लागेना.

साळूबाईंना त्याची दया आली असावी. त्यांनी स्टुलाखालची वही काढली, पानावर बोट ठेवलं आणि मवाळ आवाजात विचारलं,

"बसा हितं. बोलवत्याल. तुमचा नंबर कितवा?"